हाक मारायची नाही

आमच्या ध्यान मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपवर माझ्या आवाजातला एक निरोप अजून आहे. पावणेदोन मिनिटांचा. सुरुवातीला माझी दोन मुलं खोडरबरावरून भांडताना ऐकू येतात. मग मी ओरडतो, "गप्प बसा! बाबा ध्यानाला बसलाय, दिसत नाही? एकेकाला उचलून आपटीन!" मग एक भांडं पडतं. मग तीन-चार सेकंद शांतता, आणि मग तोच मी, पण दुसऱ्याच कुणाचा तरी गळा उसना आणल्यासारखा, मधाळ स्वरात म्हणतो, "श्री गुरुदेव दत्त." मुलांनी फोन पळवू नये म्हणून तो मुठीत घट्ट धरून मी बसलो होतो, आणि अंगठा नेमका माइकच्या खुणेवर दाबला गेला होता. मंडळातल्या साठेक साधकांनी सकाळी सव्वासहा वाजता माझी ही साधना ऐकली. मुलांनी ती सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला ऐकवली, आणि तिनं वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरना. ती परळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे.

मंडळाच्या ताई गिरगावात राहतात. ऐंशीच्या घरातल्या, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्या निरोपाखाली एवढंच लिहिलं : "आवाज उत्तम लागला आहे. श्वासही लागेल."

मी त्यांच्याकडे गेलो होतो त्याला कारण घडलं होतं. लग्न उशिरा झालं, मुलं त्याहून उशिरा. माझी सेहेचाळिशी उलटली तेव्हा निनाद आठ वर्षांचा आणि रेवा साडेचारची. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली आणि मोरी. मी शाळेत चित्रकला शिकवतो. वर्गातली साठ मुलं माझ्या नुसत्या बघण्यानं गप्प होतात, घरातली दोन होत नाहीत, आणि मला ते सोसत नाही. एकदा पाढ्यांवरून मी निनादला चापट मारली. विसरूनही गेलो. दुसऱ्या दिवशी त्याचा भांग पाडायला कंगवा घेऊन हात वर केला, तर त्यानं दोन्ही हात तोंडासमोर धरले. मी कंगवा तसाच धरून उभा राहिलो. त्या रविवारी गिरगाव गाठलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रोज वीस मिनिटं बसा. डोळे मिटायचे, श्वास आत जाताना दत्तगुरूंचं नाव, बाहेर येताना नाव. दुसरं काही नाही."

दुसरं काही नाही! घरात दोन लहान मुलं असणाऱ्या माणसाला वीस मिनिटं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसावं असं मला तेव्हा वाटलं. सुजाताची सकाळची ड्युटी असली की ती सहाच्या आत बाहेर पडते, आणि पाणी, दूध, डबे, आंघोळी, वेण्या ही सगळी आघाडी माझ्याकडे. पहाटे उठावं तर मी उठलो की रेवाला कसं कळतं कोण जाणे, ती उठतेच. मोरीत पाट टाकून बसून पाहिलं. पाच मिनिटांत दारावर थापा. गॅलरीत बसलो, तर शेजारच्या नाना मांजरेकरांनी "काय रे, बरं नाही काय? डोळे कशाक मिटलस?" म्हणून कपाळाला हात लावून ताप बघितला. शेवटी पोटमाळ्यावर चढलो. तिथं जुने पंखे, गणपतीच्या मखराचे तुकडे आणि मी. शांतता होती खरी. पण पोरांनी शिडी काढून गॅलरीत नेली, तिची आगगाडी केली आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विसरली. दूध उतू गेलेलं मी वरून पाहत होतो. सुजाता दुपारी ड्युटीवरून येईपर्यंत मी तिथंच, आणि त्या दिवशी शाळेत पहिल्यांदाच माझी बिनपगारी रजा लागली.

तेव्हा घरात मी एक नियम केला. बाबानं डोळे मिटले की हाक मारायची नाही. काहीही झालं तरी. तहान लागली, भांडण झालं, कुणी दारात आलं, तरी नाही. मुलांकडून तो पाठ करून घेतला. शिक्षकच मी. "बाबा बसलाय की?" असं मी विचारायचं, आणि दोघांनी एका सुरात म्हणायचं, "हाक मारायची नाही!" नियम त्यांनी पाळलाही, पण त्यांचं न बोलता भांडणं बोलण्यापेक्षा जास्त आवाजाचं होतं. माझं ध्यान काही लागलं नाही.

आणि मग मी खोटं बोलायला लागलो. आमच्या मंडळात पद्धत अशी की रोज बसून झालं की ग्रुपवर जोडलेल्या हातांची खूण टाकायची. दुसरं काही लिहायचं नाही. त्या आवाजाच्या फजितीनंतर मला एकही दिवस चुकवायची लाज वाटू लागली. मग न बसताच हात जोडायला लागलो. एका हातानं पोळी उलटायची आणि दुसऱ्या हातानं खूण टाकायची. असे अकरा दिवस गेले. बारावा दिवस म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस.

सुजाता ड्युटीवर. शाळेला सुट्टी. झेंडू, आंब्याचे डहाळे आणि भाताच्या लोंब्या आणायला मी दोन्ही मुलांना घेऊन बसनं दादरला गेलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा दादरचा फुलबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. जमीन दिसत नाही. पिवळे, केशरी ढीग, त्यांच्यामधून माणसांच्या रांगा, आणि डोक्यावर भरलेल्या पाट्या घेऊन "बाजू, बाजू" करत जाणारे पाटीवाले. मी रेवाला मुद्दाम पिवळा फ्रॉक घातला होता. सणाचा रंग म्हणून. झेंडूच्या बाजारात पिवळा फ्रॉक घालून पोर नेणारा चित्रकलेचा शिक्षक, ही माझी त्या दिवशीची दुसरी हुशारी. पहिली पुढे सांगतो.

फुलं घेऊन झाली. गर्दीतून सुटायला म्हणून एका आतल्या गल्लीत वळलो, तर तिथं अचानक शांत. एक बंद दुकान, त्याच्या तीन दगडी पायऱ्या, शेजारी उंबराचं झाड आणि त्याच्या बुंध्याशी दत्ताच्या लहानशा पादुका. कुणीतरी नुकतीच उदबत्ती लावून गेलेलं. मला भरून आलं. वाटलं, हा संकेतच आहे. अकरा दिवस आपण खोटे हात जोडले, आणि त्यानं तरी आपल्यासाठी जागा राखून ठेवली. माणसाला जे करायचंच असतं त्यासाठी संकेत किती पटकन सापडतात! मी निनादला पायरीवर बसवलं, फुलांची पिशवी त्याच्याजवळ ठेवली, रेवाचा हात त्याच्या हातात दिला. फोनवर वीस मिनिटांचा गजर लावून तोही त्याच्याकडे दिला. "हात सोडायचा नाही. बाबा बसलाय की?"

"हाक मारायची नाही," दोघं म्हणाली.

मी डोळे मिटले. आणि आता जे लिहितो ते लिहायला मला आजही अवघड जातं. त्या दिवशी माझं ध्यान लागलं. आयुष्यात पहिल्यांदा. पाच-सहा श्वासांतच बाजाराचा गलका लांब गेला, मग नाव आपोआप चालू लागलं, मग नावही थांबलं आणि काहीतरी खूप मोठं, उबदार, निवांत असं माझ्याभोवती उरलं. मी किती वेळ तिथं होतो मला कळलं नाही. आपण सांभाळले जात आहोत, एवढंच कळत होतं. डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं.

निनाद माझ्यासमोर उभा होता. पिशवी पोटाशी धरलेली, तोंड पांढरं पडलेलं. एकटा.

"रेवा कुठे आहे?"

"ती हात सोडून गेली. त्या कोपऱ्यावर गाय झेंडूची फुलं खात होती, ती बघायला. मी गेलो तिच्यामागे, पण ती नव्हतीच तिथे. मग मी परत आलो."

"कधी?"

"मघाशी. गजर व्हायच्या आधी. गजर मी बंद केला, तू दचकू नये म्हणून."

"अरे, मग मला उठवायचं नाही का?"

त्याच्या डोळ्यांत भीती होती, पण त्याहून जास्त गोंधळ होता. "तू बसला होतास ना, बाबा," तो म्हणाला.

त्यानंतर मी धावलो. निनादला मनगटाला धरून अक्षरशः फरफटत. रेवा, रेवा करत. आधी गाईपाशी, मग झेंडूच्या गल्लीत, मग शेवंतीच्या, मग पुलाखाली, मग परत. जिकडे बघावं तिकडे पिवळं. प्रत्येक ढिगापाशी मला तिचा फ्रॉक दिसायचा आणि जवळ गेलं की फुलं असायची. शेजारीच मोठा रस्ता, त्यावर बसगाड्या, त्यापलीकडे स्टेशन. सुजाताला फोन लावायला हवा होता. निनादकडून परत घेतलेला फोन दोनदा खिशातून काढला आणि दोनदा परत ठेवला. काय सांगणार होतो? की मी देवाचं नाव घेत होतो तेवढ्यात आपली मुलगी गेली? मघाची ती उबदार शांतता आठवली आणि मला तिची किळस आली. वाटलं, ज्या क्षणी मला वाटत होतं की आपण सांभाळले जात आहोत, त्याच क्षणी माझी पोर एकटी रस्त्यावर होती. मग तिथं कोण होतं? कसली शांतता होती ती?

तेवढ्यात एका पाटीवाल्यावर जाऊन आदळलो. साठीचा, काळासावळा, डोक्यावर चुंबळ आणि तीवर झेंडूची भरलेली पाटी. पाटी डगमगली, पण पडू दिली नाही त्यानं.

"ओ पाव्हणं, डोळं कुठं हायती?"

"माझी मुलगी हरवली हो."

"कुठनं?"

"तिकडं, उंबरापाशी."

"मग हिकडं काय करताय?"

"शोधतोय."

"चला," तो म्हणाला, आणि पाटी तशीच डोक्यावर ठेवून उलटा वळला. मी मागोमाग. उंबरापाशी आल्यावर त्यानं मघाच्याच पायरीकडे बोट केलं. "बसा हितं."

"अहो, बसा काय! मला—"

"बसा म्हनतो ना. पोरगी घावली तर आनून कुनाच्या हवाली करू? का परत तुम्हास्नी हुडकत हिंडायचं?" मग जरा खालच्या आवाजात, "नाव काय तिचं?"

"रेवा. पिवळा फ्रॉक, लाल चपला."

त्यानं गल्लीच्या तोंडाशी जाऊन एक हात पाटीला आणि एक तोंडाशी धरला, आणि अशी आरोळी दिली की उंबरावरचे कावळे उडाले. "एऽऽ पोरगी हाय काऽ? पिवळा फ्रॉक, लाल चपला, रेवाऽऽ!" पुढच्या ढिगावरच्या माणसानं आपल्या झेंडूचं ओरडणं मध्येच थांबवलं आणि तेच शब्द पुढं टाकले. त्याच्या पुढच्यानं त्याच्या पुढे. मग एका बाईचा आवाज. मग कुणा उत्तरेकडच्या भय्याचा, "रेवा बिटिया, ओ रेवा!" मग आणखी लांब, मग वळणापलीकडे. भाव ओरडणं त्या-त्या जागी क्षणभर थांबत होतं आणि तिथं माझ्या मुलीचं नाव उभं राहत होतं. मी पायरीवर बसून ऐकत होतो. आवाज लांब जात जात इतका बारीक झाला की तो ऐकू येतोय की मला वाटतंय ते कळेना.

मग तोही थांबला.

बसणं म्हणजे काय हे मला त्या पायरीवर कळलं. मघाशी मी बसलो होतो ते मला हवं होतं म्हणून. आता अंगातली एकेक शीर ऊठ, पळ म्हणत होती, आणि मी बसायचं होतं. करण्यासारखं काही नव्हतं. माझ्या मुलीचं जे काय व्हायचं ते मी कधी न पाहिलेल्या, माझं नाव न विचारलेल्या माणसांच्या तोंडी गेलं होतं. दत्तगुरूंचं नाव घ्यावं म्हटलं तर ते आठवेना. खरंच आठवेना. श्वास आत जाताना रेवा, बाहेर येताना रेवा, एवढंच होतं.

निनाद माझ्या बाहीला ओढत होता. "बाबा," तो हळूच म्हणाला, "आता हाक मारली तर चालेल?"

मी मान हलवली. तो पायरीवर चढला, छाती भरून श्वास घेतला आणि "रेवाऽऽ!" म्हणून ओरडला. मग पुन्हा. मग मीही. बाप-लेक उंबराखाली उभे राहून, सणाच्या आदल्या सकाळी, वेड लागल्यासारखे हाका मारत होतो. लोक थांबून बघत होते. पाटीवाला पाटी डोक्यावर तशीच ठेवून गल्लीच्या तोंडाशी उभा होता, कान टवकारून. मध्येच त्यानं आम्हाला हात केला. गप्प.

खूप लांबून काहीतरी आलं. मग जरा जवळून. मग आमच्या वळणावरून स्पष्ट : "हाऽऽय!" आणि ढिगाढिगावरून तो शब्द उड्या मारत येऊ लागला. हाय. हाय. हाय रे हाय! वेणीवाल्या मावशीकडं हाय! ज्या वाटेनं नाव गेलं होतं त्याच वाटेनं ते भरून परत येत होतं. माझ्या अंगावर काटा आला. आज हे लिहितानाही येतो. मी त्या अख्ख्या बाजारातल्या एकालाही ओळखत नव्हतो, आणि सगळ्या बाजारानं माझ्या लेकीचं नाव घेतलं होतं.

"घावली. चला," पाटीवाला म्हणाला, जणू पिशवी विसरली होती ती सापडली.

पार पलीकडच्या टोकाला, एका ताडपत्रीच्या सावलीत एक म्हातारी मावशी पाय पसरून शेवंतीची वेणी गुंफत बसली होती. गजरे-वेण्या करणाऱ्या बायका दोऱ्याचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवतात आणि तो ताणून फुलं गुंफत जातात, तसाच फास इथंही होता. फक्त तो अंगठा मावशीचा नव्हता. तिच्यासमोर पोत्यावर रेवा बसली होती, एक पाय सरळ पुढे करून, दोन्ही हात मांडीवर, नजर मावशीच्या बोटांवर. गालांवर वाळलेल्या अश्रूंचे ओघळ. मी तिच्याकडे झेपावलो तशी ती ओरडली, "बाबा, हलू नको! मावशीची वेणी तुटेल!"

जी पोर दोन घास खायला एका जागी बसत नाही ती इतका वेळ अशी बसली होती.

मावशीनं वर बघितलंसुद्धा नाही. बोटं चालूच. "रडत आली व्हती. म्हनलं, माझं काम अडलंय, अंगठा देतीस का? दोरा लावला की पोरं हलत न्हाईत. हुडकायला घिऊन हिंडले असते तर आनिक लांब गेली असती." आणि मग दोऱ्याला एक वेढा देऊन, "रडत व्हती, पन तोंडातनं आवाज न्हाई. मी इचारलं, अगं, बापाला हाक का मारंना? तर म्हनली, बाबा बसलाय, हाक मारायची न्हाई." तेव्हा कुठं तिनं माझ्याकडे बघितलं. "कुठं बसला व्हता एवढं?"

मी रेवाच्या गालांवरचे ओघळ बोटानं पुसले.

वेणी संपेपर्यंत रेवा उठायला तयार नव्हती. मग आम्ही बसलो. मी एका पोत्यावर, निनाद माझ्या मांडीला टेकून. सात-आठ मिनिटं असतील. फूल, वेढा, गाठ. फूल, वेढा, गाठ. दोरा रेवाच्या इवल्याशा अंगठ्यापासून मावशीच्या बोटांपर्यंत ताणलेला, आणि आम्ही चौघंही त्याच्याकडे बघत. बाहेर तोच गलका, तेच "बाजू, बाजू". आणि कधी ते कळलं नाही, पण ती मघाची शांतता परत आली. तीच. मी तिला ओळखलं. तेवढीच मोठी, तेवढीच उबदार. माझे डोळे मात्र टक्क उघडे होते, आणि माझी दोन्ही पोरं त्या शांततेच्या आत होती. मघाशी मी तिची किळस केली होती, त्याची मनातल्या मनात क्षमा मागितली. शांततेचं काही चुकलं नव्हतं. मी तिच्यात एकटाच शिरून मागे दार लावून घेतलं होतं.

वेणी झाली. मावशीनं दोरा दातानं तोडला. फास रेवाच्या अंगठ्यातच राहिला, तो तिनं काढू दिला नाही. मागे वळून बघतो तर पाटीवाला निघून गेलेला. त्याची पाटी पोहोचायला केवढा उशीर झाला असेल, त्यानं बोलणी खाल्ली असतील का, मी विचारलंही नव्हतं.

आमच्या कोकणातल्या घरात लहानपणापासून ऐकलंय की दत्त कोणत्याही वेषात येतो. त्यामुळे दिवाळीआधी पेढे घेऊन त्या दोघांना शोधायला गेलो तेव्हा मनात एक होतंच, की ते सापडणारच नाहीत. दोघंही सापडले. मावशी त्याच ताडपत्रीखाली. तिनं पेढे पोत्याखाली सरकवले आणि म्हणाली, "पोरगी कुठंय? आनायची न्हाई व्हय?" पाटीवाला चहा पीत होता. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाला, "कंची पोरगी? दसऱ्याला चार हरवल्या, चार घावल्या." त्याला मी आठवत नव्हतो. मी घरी येताना आधी जरा हिरमुसलो, आणि मग बसमध्ये बसल्या-बसल्या मला जाणवलं की वेषांतर केलेला दत्त भेटला असता तर मी एवढा थक्क झालो नसतो. इथं तर हे रोजचं काम होतं. न सांगता, न मोजता, लक्षातही न ठेवता, हाकेला हाक देत जाणारी माणसं. त्यातलं देवाचं किती आणि माणसांचं किती, हा हिशोब मी सोडून दिला आहे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी मंडळात सगळ्यांसमोर सांगितलं की माझे अकरा दिवसांचे जोडलेले हात खोटे होते. आणि ताईंना विचारलं, की पोर हरवत असताना लागलेलं ध्यान खरं की खोटं? त्या म्हणाल्या, "मला कसं सांगता येईल? माझी चार मुलं लहान होती तेव्हा मी बसलेच नाही कधी. भाकऱ्या थापायचे. साठीनंतर बसले. तुम्ही पहिल्या दिवशी मुलं लहान आहेत म्हणालात, तेव्हाच हे सांगायला हवं होतं. माझं चुकलं." एवढ्या मोठ्या बाईनं चूक कबूल करावी, आणि ती माझ्यासारख्यासमोर, त्यानंच मला पुन्हा भरून आलं.

आता नियम उलटा आहे. मी बसतो. रोज जमतंच असं नाही, आणि वीस मिनिटं तर क्वचितच. पण हाक आली की "ओ" द्यायची, हे ठरलंय. नाव चालू असताना "बाबा!" आलं तर तेही त्यातलंच धरायचं. पहिल्या आठवड्यात रेवानं एका बैठकीत अठरा वेळा हाक मारली, मी ओ देतो की नाही ते बघायला. मग तिला खात्री पटली असावी. हल्ली ती कधी कधी नुसती येऊन शेजारी बसते. निनादनंही माझा हात वर गेला की हात तोंडासमोर धरणं सोडलंय. हे कधी सोडलं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं, की भांग पाडताना तो माझ्याकडे सरळ बघतो आहे. मी मागितलं होतं ते एवढंच होतं. ते मी डोळे मिटून मिळवायला निघालो होतो.

पण त्या दिवशी संध्याकाळी सुजाता काय म्हणाली ते सांगायचं राहिलंच. ती ड्युटीवरून आली, तोरण ओवायला बसली, आणि मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. उंबर, गजर, निनादची हाक, खोटे जोडलेले हात, काही लपवलं नाही. तिची सुई मध्येच थांबली ती थांबलीच. मी बोलणी खायच्या तयारीनं मान खाली घालून बसलो होतो. ती उठली, आधी निनादला जवळ घेतलं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग झोपलेल्या रेवाजवळ गेली, तिचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यातला तो फास कितीतरी वेळ बघत राहिली. दोऱ्याचं टोक तिनं हलकेच आपल्या बोटाला गुंडाळलं. माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"मावशीकडून दोरा जरा जास्त मागून आणायचा होतात. या घरात हलणारे पाय आठ आहेत."